वंदनाफुईच्या डोळ्यातली गोल रेघ

माझी फुई वंदना हिच्यावर अन्याय झाला तो तिची बी.ए.च्या शेवटच्या वर्षाची परीक्षा संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, सुरत स्टेशनजवळच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात. जबरदस्ती कुणी केली नव्हती. ती आपल्या पायांनी गेली, हसत गेली आणि दुपारच्या जेवणाला घरी परत आली. ती मेली त्यानंतर वीसेक वर्षांनी, यंदाच्या उन्हाळ्यात, बमरोलीच्या रस्त्यावर, दिवेलागणीला, मालवाहू टेम्पोखाली. पोलिसांनी याला अपघात म्हटलंय. मीही अपघातच म्हणते. फक्त तो वीस वर्षं चालला होता असं माझं म्हणणं आहे, आणि ते मी इथं मांडणार आहे.

फुई म्हणजे आत्या. आम्ही धुळ्याकडचे, आजोबा मिलच्या कामासाठी सुरतेला आले आणि इथलेच झाले. घरात अहिराणी, रस्त्यावर गुजराती-हिंदी, आणि मराठी बुद्धवंदनेनंतरच्या भाषणांत. फुई गेली त्या संध्याकाळी मी कडोदऱ्याला एका कारखान्याच्या गेटवर आमच्या संघटनेची पत्रकं वाटत होते. बायकांना शिफ्टच्या मध्ये लघवीला सुट्टी द्या, एवढीच मागणी होती. मित्राचा फोन आला. मित्रा म्हणजे संघमित्रा, फुईची एकुलती मुलगी, कॉलेजात शिकते. रडत नव्हती. म्हणाली, "ताई, आईनं बघितलं होतं." मला काही कळेना. "अगं काय बघितलं?" "रस्ता. कोपऱ्यावरचा पानवाला सांगतोय. आई कडेला उभी राहिली, दोन्हीकडे मान वळवली, नीट बघितलं, आणि टेम्पो समोर असताना पाऊल टाकलं…" नंतर त्या पानवाल्याकडे मी स्वतः गेले. तो उत्तर प्रदेशचा, फुईला रोज बघणारा. पुडी बांधता बांधता माझ्याकडे न बघता म्हणाला, "दीदी, वो ऐसे चली जैसे गाडी थी ही नहीं. मैं चिल्लाया. उन्होंने मेरी तरफ देखा भी. मुस्कुराईं."

तिनं बघितलं होतं आणि तिला रिकामा रस्ता दिसला होता. हे वाक्य कळायला मला बरेच दिवस लागले.

फुईला चष्मा लागला तो शाळेत असताना, आणि नंबर पोरीच्या उंचीपेक्षा वेगानं वाढला. काचा इतक्या जाड की पांडेसऱ्याच्या आमच्या गल्लीनं तिचं नाव 'बाटली' ठेवलं. "बाटली आली रे," अशी हाक यायची आणि ती चिडण्याऐवजी चष्मा काढून हाक मारणाऱ्याच्या तोंडाजवळ तोंड नेऊन त्याच्या नाकावरचे काळे ठिपके मोजायला लागायची. चष्म्याशिवाय तिला चार बोटांच्या पलीकडचं सगळं धूर. पण त्या चार बोटांच्या आत तिच्यासारखी नजर कुणाची नव्हती. मुंगीच्या पायावरचे केस दिसायचे तिला. सुईत दोरा ओवायला आख्खी गल्ली तिच्याकडे यायची. नाकाला सुई लावल्यासारखी धरायची आणि एका झटक्यात ओवून द्यायची. जवळचं दिसणं ही तिची श्रीमंती होती, पण लग्नाच्या बाजारात ती कोण बघतो? पहिल्या स्थळानं चहा-पोहे खाऊन निरोप पाठवला: पोरगी चांगली, चष्मा फार मोठा.

दुसरं स्थळ फुवांचं आलं. फुवा म्हणजे तिचे मिस्टर. बमरोलीला लूमवर कारागीर, आमच्याच तालुक्यातलं कुटुंब. तेव्हा आजी म्हणाली, या वेळी चष्मा दाखवायचा नाही. स्टेशनच्या बाजूला मोठा बोर्ड लागला होता, गुजरातीत. हसणारी मुलगी आणि कचऱ्याच्या डब्यात चष्मा. सुरतेत घासण्याला कुणी नावं ठेवत नाही. इथं हिरा घासतात तेव्हाच त्याला किंमत येते, डोळा घासला तर काय बिघडलं? लेझरनं डोळ्यावरची पारदर्शक काच जराशी घासून पातळ करतात, आकार बदलतात, आणि लांबचं लख्ख दिसायला लागतं. लागलंच. परतताना रिक्षात बसून ती दुकानांच्या पाट्या मोठ्यानं वाचत होती, असं पप्पा सांगतात. पप्पा म्हणजे तिचे थोरले भाऊ, तेच सोबत गेले होते. रिक्षावाला वैतागून म्हणाला, "बेन, मने पण वांचतां आवडे छे." मलाही वाचता येतं, बाई.

मग आजीनं घर साफ केलं. म्हणजे चष्म्यातली फुई साफ केली. शाळेचा ग्रुप फोटो, मावसबहिणीच्या लग्नातले फोटो, कॉलेजचं ओळखपत्र, जिथं जिथं तिच्या नाकावर चष्मा होता ते सगळं चुलीत गेलं. चष्मा पप्पांनी तापीच्या पुलावरून खाली टाकला. आमच्या अल्बममध्ये फुई परकरात आहे, दोन वेण्यांत आहे, आणि मग एकदम मुंडावळ्यांत. मधली मुलगी नाहीच. एक फोटो आजीला फाडवला नाही, कारण त्यात आजोबा होते, त्यांचा तो शेवटचा. त्यातून तिनं कात्रीनं फक्त फुई कापून काढली. त्या फोटोत आजोबांनी बाजूला हात टाकलाय, बोटं जराशी आत वळलेली, खांदा दाबावा तशी. खाली खांदा नाही… लहानपणी मी विचारायचे, आजोबांनी हात कुणाला लावलाय? आई म्हणायची, "भिंतीले." मागं भिंत नव्हती, मारुती व्हॅन होती.

आणि आजीनं फुईकडून वचन घेतलं. सासरी कधी कळू द्यायचं नाही. चष्मा होता हे नाही आणि घालवला हेही नाही. मला हे सगळं कळलं ते गेल्या हिवाळ्यात. त्याआधी मी ओळखत होते ती फुई म्हणजे आमच्या खानदानात सगळ्यात सुंदर डोळ्यांची बाई. फार कमी मिटायचे ते डोळे. समोरच्याकडे अशी बघायची की माणूस आपल्या मागं कुणी उभं आहे का म्हणून वळून बघायचा.

लग्नाची एक गोष्ट ती नेहमी सांगायची, गंमत म्हणून. मांडवात विजेच्या माळा होत्या आणि प्रत्येक दिव्याला केस फुटले होते. "तुन्या फुवाले तर दोन कडा व्हत्या," म्हणायची. "एक मानूसनी, एक धूरनी. मी म्हनं, दोन्हीसले वरू का एकले?" आम्ही हसायचो. तिला वाटायचं सगळ्यांनाच अंधारात असं दिसत असेल, आणि आम्हाला वाटायचं फुई गोष्ट रंगवून सांगते. डोळ्यातली बाहुली अंधारात मोठी होते, घासलेला भाग तिला पुरत नाही, उजेड कडेवरून फुटून आत येतो. हे काही जणांना होतं आणि काहींचं जन्मभर जात नाही. ऑपरेशनच्या वेळी हे तिला कुणी सांगितलं होतं का, मला माहीत नाही. सांगितलं असेल तर घाईत, हसऱ्या बोर्डाखाली. डोळे कोरडे पडायचे, आत वाळू घातल्यासारखे. थेंबांची बाटली ती तांदळाच्या डब्यात लपवायची. सासूनं एकदा लाल डोळ्यांबद्दल विचारलं तर म्हणाली, लूमचा कचरा जातो. बमरोलीत हे कुणालाही पटतं. तिथं आख्ख्या वस्तीचे डोळे लाल, आणि सांच्यांचा, म्हणजे लूमचा, खडखडाट असा की कुठल्या दिवशी वीज गेली आणि सांचे थांबले की झोपलेली माणसं दचकून उठतात.

घरी ती साडीचं काम करायची: पार्सल यायचं, खडे चिकटवायचे, उलट्या बाजूचे सुटे धागे कापायचे. चाळिशी जवळ आली तशी बोटांजवळचं दिसेनासं झालं. हे सगळ्यांनाच होतं, पण जाड चष्मेवाल्यांना यावर एक उपाय असतो. ते चष्मा काढतात आणि जवळचं दिसतं. निसर्गानं ठेवलेली शिल्लक असते ती. फुईची शिल्लक त्या सकाळी घासून टाकली होती. मुंगीच्या पायावरचे केस बघणारी बाई साडी हात लांब करून धरायला लागली आणि खडे चुकायला लागले. पार्सलवाला शेठ म्हणाला, "बेन, आंख बताओ किसीको." तिनं मग पांडेसऱ्याच्या दुकानातून चाळिशीचा चष्मा आणला. मी त्या दिवशी तिच्याकडे होते. चष्मा लावून ती आरशासमोर उभी राहिली आणि बराच वेळ हलेना. मी म्हटलं, "काय गं, म्हातारी दिसतेस का बघतेस?" ती म्हणाली, "नाही गं. ओळखीची वाटतेय." आणि आरशातल्या बाईला तिनं मान हलवून नमस्कार केला, बऱ्याच वर्षांनी भेटलेल्या मैत्रिणीला करतात तसा. तो कुणाला, ते मला तेव्हा कळलं नाही.

त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत ते सुरू झालं. ते म्हणजे काय, हे सांगायला तिच्याकडे शब्द नव्हता. एका दुपारी मी तिच्या खोलीत गेले, दारातून नीट आवाज देऊन, आणि खाटेवर तिच्या डाव्या अंगाला बसले. ती दाराकडे बघून बोलायला लागली. "ये ना वं, भाईर का उभी शे?" मी म्हटलं, "फुई, मी इथं आहे." तिनं मान फिरवली आणि तिच्या तोंडातून असा आवाज आला की माझ्या हातातली पिशवी पडली. मग हसली, पाणी प्यायली, दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाली, "तुले सांगू का? हासू नको. मानसं चालत येतच नही आते. एकदम ऱ्हातस." माणसं आता चालत येत नाहीत, एकदम असतात. दूधवाला दारात येत नाही, दारात असतो. सासू ओट्याकडे जाते आणि मधेच नसते, मग ओट्याजवळ असते. ताटातली भाकरी अर्धी नाहीशी होते आणि ताट फिरवलं की परत येते. "भूत नसतं, हे मला तुझ्याइतकंच माहीत आहे," ती म्हणाली. "लहानपणापासून बुद्धवंदना म्हणत आलेली बाई आहे मी. नसतं ना? मग हे काय आहे ते सांग."

घरात कुजबुज सुरू झालीच. आम्ही बौद्ध, आमच्याकडे अंगात येणं नाही आणि उतारा नाही, त्यामुळे सासूला ते तोंडानं म्हणता येईना. म्हणून ती नुसतं म्हणायची, "हिच्या बाजूला कुणीतरी असतं, हिला विचारा." शेजारच्या बायका फुईच्या डाव्या बाजूनं जाईनाशा झाल्या. एकीनं मला खरोखर विचारलं, "तुमच्या आजोबांचा जीव कुणात अडकला होता का?" मी तिला अंधश्रद्धेवरचं आमचं पत्रक दिलं. तिनं त्यात मसाल्याची पुडी बांधली.

डोळे दाखवले नव्हते असं नाही. फुई जवळच्याच एका दवाखान्यात दर वर्षी जायची, सासू सोबत. मित्रा एकदा गेली होती, तिनं सांगितलेलं लिहिते. कंपाउंडरनं विचारलं, "बेन, पहेलां आंखनुं कोई ऑपरेशन?" फुईनं खाली बघितलं. उत्तर सासूनं दिलं, "ना भाई. हिच्या डोळ्याला कधी बोट लागलं नाही." मग डोळ्याचा दाब मोजला. "नॉर्मल छे, माजी, टेन्शन नहीं." सासू-सून बाहेर आल्या, उसाचा रस प्यायल्या, घरी आल्या. पुढच्या वर्षी तेच, त्याच्या पुढच्या वर्षी तेच. आणि दर वर्षी तिचं जग दोन्ही बाजूंनी थोडं थोडं मिटत होतं.

शेवटी मीच तिला एका ट्रस्टच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. फुवा सुट्टी टाकून आले, सासूचे गुडघे दुखत होते म्हणून ती घरी राहिली. तरुण डॉक्टरीण होती, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी असेल. तिनं फुईची हनुवटी यंत्रावर टेकवली, उजेडाची फट डोळ्यावर सोडली आणि ती दोनदा फिरवून बघितली. मग म्हणाली, "लेझर कधी केलं होतं, मावशी?" फुई म्हणाली, "केलं नाही." डॉक्टरला वाटलं ऐकू आलं नाही. "चष्म्याचा नंबर घालवायचं ऑपरेशन. दोन्ही डोळ्यांवर गोल रेघ आहे, झाकणाच्या कडेसारखी. ती जात नाही." फुई यंत्रावरून हनुवटी न उचलता म्हणाली, "माले काही नही व्हयेल, डॉक्टर." मला काही झालेलं नाही. फुवा पुढं सरकले. "मॅडम, हिला कधी चष्माच नव्हता. माझी बायको आहे, मला माहीत नाही का?" डॉक्टरनं मला जवळ बोलावलं आणि भिंगातून दाखवलं. फुईच्या काळ्याभोर डोळ्यात, उजेडाच्या फटीत, एक बारीक, पांढुरकी, जवळजवळ पूर्ण गोल रेघ होती. कुणीतरी कंपासनं काढलेली. वीस वर्षं ती आमच्याकडे त्या रेघेतून बघत होती.

मग नजरेची तपासणी झाली. अंधाऱ्या खोलीत एका घुमटात तोंड घालून बसायचं, कडेला कुठं ठिपका चमकला की बटण दाबायचं. मी दाराबाहेर उभी होते. बटणाचा टिक टिक आवाज यायला लागला आणि मग यायचा थांबला. बराच वेळ काही नाही. मला वाटलं मशीन बंद पडलं. टेक्निशियननं मान हलवली. मशीन चालू होतं, ठिपके चमकत होते. आत फुई बटणावर अंगठा ठेवून शांतपणे वाट बघत बसली होती.

काचबिंदू. खूप पुढं गेलेला. डॉक्टरनं समजावलं ते मी तसंच्या तसं सांगते, कारण याच्यासाठीच मी हे लिहितेय. फार मोठा मायनस नंबर म्हणजे डोळा लांबट असतो. लेझरनं नंबर जातो, डोळ्याची लांबी जात नाही. अशा डोळ्याला काचबिंदूचा आणि आतला पडदा सुटण्याचा जो धोका असतो तो चष्मा गेल्यावरही तसाच राहतो. आणि दाब मोजायचं यंत्र वरच्या काचेवरून मोजतं. काच घासून पातळ केलेली असेल तर आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. डॉक्टरला लेझरचं माहीत असेल तर तो आकड्यावर विसंबत नाही, आतली नस बघतो. माहीत नसेल तर म्हणतो, नॉर्मल छे. बाजूची नजर आधी जाते, दुखत नाही, आणि गेलेल्या जागी काळं दिसत नाही. मेंदू आजूबाजूचं ओढून ती जागा भरून काढतो. भिंत असेल तर भिंतीनं, रस्ता असेल तर रस्त्यानं. फुई ऐकत होती. म्हणाली, "म्हणजे भूत नव्हतं." डॉक्टर म्हणाली, "नाही मावशी." फुई म्हणाली, "मग बरं." डॉक्टरीण रडवेली झाली. गेलेलं परत येणार नव्हतं, उरलेलं टिकवायला थेंब सुरू केले, आणि मुलीचेही डोळे दाखवा म्हणून सांगितलं.

जिन्यात फुवा थांबले. "होता का?" फुई म्हणाली, "होता." "मोठा?" "गल्लीत बाटली म्हणायचे." फुवा दोन पायऱ्या उतरले, परत चढले. "म्हणजे इतकी वर्षं मी कोणाबरोबर राहिलो?" फुईनं त्यांच्या आवाजाच्या दिशेनं मान वळवली, त्यांना शोधलं, आणि म्हणाली, "बाटलीबरोबर." आधी ते हसले की ती, आठवत नाही. रडतच हसत होती दोघं. वॉर्डबॉय ओरडला, "रस्तो छोडो ने, काका." फुवांनी विचारलं, आईला कधी सांगायचं? ती म्हणाली, "मी सांगेन, वेळ बघून. मित्राचं लग्न व्हायचंय अजून. आईकडून आलंय म्हणतील." कारण मित्राला चष्मा आहे, चांगला जाड, आणि त्याचं सगळं पाप आजवर मोबाइलच्या नावावर जमा होतं.

वेळ बघता बघता उन्हाळा आला. डॉक्टरनं सांगितलं होतं, रस्ता एकटीनं ओलांडू नका. त्या संध्याकाळी पार्सल परत द्यायचं होतं, मित्रा कॉलेजातून यायची होती, आणि लूमची पाळी सुटून गर्दी व्हायच्या आत जाऊन येते म्हणून ती निघाली.

दिवसकार्याच्या जागी आमच्यात पुण्यानुमोदन असतं, त्या दिवशी भंते निघून गेल्यावर आम्ही घरचेच बसलो होतो. सासू मित्राच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "आता हिचं ते लेझर करून टाका. आईसारखे डोळे होतील पोरीचे." मित्रानं आपला चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणाली, "आजी, आईला चष्मा होता. माझ्याहून मोठा. तिचंही लेझर झालं होतं." मला वाटलं आता म्हातारी कोसळेल, नाहीतर आमच्या मेलेल्या आजीचा उद्धार करेल. ती हात फिरवत राहिली. म्हणाली, "माहीत आहे."

फुवांनी विचारलं, "काय माहीत आहे?" "बघायला गेलो तेव्हाच दिसलं. नाकावर दोन्ही बाजूंना खड्डे होते, चष्म्याच्या गुंडीचे. पावडर लावली होती वरून. चष्मा कुठं गेला, ते स्टेशनचा बोर्ड बघणाऱ्या कुणालाही कळलं असतं. मला पोरगी आवडली, मी गप्प बसले." "मग दवाखान्यात?" "तिनं सांगितलं नाही. म्हटलं, आपण बोललो तर तिला लाज वाटेल. कंपाउंडरनं विचारलं की ती मान खाली घालायची… म्हणून मीच ना म्हणायचे. तिची लाज राखली मी." आणि पहिल्यांदा तिचा हात मित्राच्या डोक्यावर थांबला.

सासू सुनेची लाज राखत होती, सून सासूपासून माहेरची लाज राखत होती. दोघी एका बाकावर बसून दर वर्षी एकमेकींना वाचवत होत्या, आणि समोर यंत्र 'नॉर्मल' म्हणत होतं. इतके महिने भांडायला मला दवाखाना हवा होता, बोर्ड लावणारा हवा होता. त्यांच्याशी मी भांडणार आहेच. 'चष्म्यापासून कायमची सुटका' लिहिणाऱ्यांनी 'डोळ्यापासून नाही' हे त्याच अक्षरात लिहावं, यासाठी पत्रक छापायला गेलंय. लेझर वाईट, असं माझं म्हणणं नाही. कित्येकांचं चांगलं चाललंय, चालो. पण फुईच्या डोळ्यात जे लिहिलेलं होतं ते दोन बायकांनी आपल्या चांगुलपणानं झाकलं, आणि त्या चांगुलपणाविरुद्ध पत्रक कसं लिहायचं, मला येत नाही.

मित्राला मी त्याच डॉक्टरकडे नेलं. सगळं सांगून तपासलं. नस चांगली आहे, दर वर्षी दाखवायचं आहे, लेझरचा विषय तिनं स्वतःच बंद केलाय. परवा त्यांच्या खोलीला रंग द्यायचा म्हणून फुवांनी मला बोलावलं. सामान बाहेर काढल्यावर भिंत दिसली. खाटेपासून ओट्यापर्यंत, ओट्यापासून मोरीपर्यंत, मोरीपासून दारापर्यंत, कमरेच्या वर एक काळपट, तुकतुकीत पट्टा गेला होता, तळहाताएवढा रुंद. दाराशी तो चौकटीवर चढून बाहेर वळला होता. ती भिंत धरून चालते, हे आमच्यापैकी कुणी कधी बघितलं नव्हतं. आम्ही खोलीत असलो की ती बसून असायची. रंगारी म्हणाला, "आ तो घसवुं पडशे." घासावं लागेल. सासू खाटेवरून उठली, त्या पट्ट्यावर आपला हात ठेवला, आणि मोरीपर्यंत चालत गेली. मग रंगाऱ्याला म्हणाली, "एवढं सोडून रंगव."

आता तुम्ही. हे वाचून हळहळू नका, मला त्याचा उपयोग नाही. तुमच्या घरात एक बाई आहे, किंवा एक पुरुष, ज्याचा चष्मा लग्नाआधी एकाएकी गेला आणि नंतर त्याचं नाव कुणी काढलं नाही. तुम्हाला ती माहीत आहे. तिला माहीत आहे की तुम्हाला माहीत आहे. आज तिच्या समोर जाऊन बसा, बाजूला नको, आणि विचारा, "तुझं लेझर झालं होतं ना?" ती नाही म्हणेल. उठू नका. उद्या तिला डोळ्याच्या डॉक्टरकडे न्या, आणि यंत्र लावायच्या आधी, तिच्या सासूसमोर, नवऱ्यासमोर, तिच्या वतीनं नाही तर तिचा हात धरून, मोठ्यानं सांगा.